गोठ्यात वाचणारं गिधाड

गिधाडांविषयी बोलायला मला शाळा-कॉलेजांत बोलावतात, तेव्हा मुलांना वाटतं की हा माणूस आता जंगलातल्या गोष्टी सांगणार. मचाण, दुर्बीण, उंच झाडांवरची घरटी. तेही मी सांगतो. पण माझी नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची होती. गडचिरोली जिल्ह्यातली, आणि त्यातली बरीच वर्षं चामोर्शीच्या आसपासची. ती गोठ्यांत, धानाच्या बांध्यांवर आणि लसीकरणाच्या खोड्यापाशी गेली. या नोकरीने मला जे दाखवलं तेच मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. आमच्या आकाशात गिधाड राहणार की नाही, हे जंगलात कमी आणि गोठ्यात जास्त ठरतं. आजारी बैलाला कोणतं औषध टोचलं, त्यावर ठरतं.

आमच्याकडची शेती धानाची. आषाढात पाऊस लागला की चिखलणी आणि रोवणी एकदमच अंगावर येते. त्या दिवसांत बैल लंगडला तर अख्खा हंगाम अडतो. आता ट्रॅक्टर आले, पण मी नोकरीला लागलो तेव्हा बैलजोडीशिवाय बांधीत चिखल होत नव्हता. दवाखान्यात आलेला माणूस दारातूनच सांगायचा, "डाक्टर, कोनतंबी लावा, पन उद्या बैल उभा झाला पायजे." आम्ही पदवीने डॉक्टर नव्हतो, पण गावात आम्हाला हीच हाक असायची आणि अपेक्षाही डॉक्टरचीच असायची. नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅक आलं आणि या अपेक्षेला पुरं पडणारं औषध हाती लागलं. सकाळी टोचलं की संध्याकाळी बैल उठून चाऱ्याला तोंड लावायचा. सूज उतरायची, ताप उतरायचा, आणि किंमत शेतकऱ्याला झेपायची. सरकारी दवाखान्यापासून सायकलला पिशवी लावून गावोगाव फिरणाऱ्या खासगी माणसापर्यंत सगळीकडे ते वापरलं जात होतं. बैलाला त्याने अपाय होत नव्हता, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं.

अपाय सुरू होत होता तो बैल मेल्यावर. शेवटच्या दुखण्यात जनावराला वेदना कमी करणारं औषध दिलं जातं, ते साहजिकच आहे. त्यानंतर एक-दोन दिवसांत जनावर मेलं, तर ते औषध त्याच्या मांसात, यकृतात आणि मूत्रपिंडात शिल्लक असतं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, रक्तातलं यूरिक आम्ल वाढत जातं आणि शरीरातल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर साचतो. पक्षी मान टाकून फांदीवर बसून राहतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकातच गिधाडं झपाट्याने कमी होत असल्याची नोंद केली होती. कारण मात्र 2004 मध्ये उघड झालं. लिंडसे ओक्स यांच्या पथकाने पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासली आणि या औषधाचं नाव पुढे आलं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. हजारामागे एक उरलं.

एवढा संहार व्हायला सगळीच मेलेली जनावरं विषारी असायला हवी होती असंही नाही. शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असलं तरी एवढी पडझड होऊ शकते, हे संशोधकांनी हिशेब करून दाखवलं आहे. एका बैलावर एका वेळी अख्खा थवा उतरतो, म्हणून असं होतं. हा हिशेब वाचल्यापासून माझी माझ्या कामाकडे पाहायची नजर बदलली. तालुक्यातल्या नव्याण्णव गोठ्यांत योग्य औषध गेलं आणि एकात चुकीचं गेलं, तरी काम झालं असं म्हणता येत नाही. सरकारी कामात आम्हाला ऐंशी टक्के उद्दिष्ट गाठलं की शाबासकी मिळायची सवय. गिधाडांच्या बाबतीत ऐंशी टक्क्यांना काहीच अर्थ नाही.

2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरायला बंदी आली. पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या 30 मिलीच्या बाटल्या औषधांच्या दुकानांत मिळतच राहिल्या. माणसाला एका वेळी 3 मिली पुरतं. मोठी बाटली कुठे जाते, ते गोठ्यांतून फिरणाऱ्या आम्हा लोकांना दिसत होतं. 2015 मध्ये केंद्र सरकारने माणसांसाठीचं इंजेक्शन 3 मिलीच्या कुपीतच विकायचं असा नियम केला. पण तोपर्यंत केटोप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक अशी नवी नावं पिशव्यांत आली होती. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच तयार होतं. या दोन्हींवर 2023 मध्ये बंदी आली, पुढे निमेसुलाइडवर आली. दरवेळी औषध आधी गोठ्यात पोहोचतं, पक्षी मरतात, मग तपासणी होते आणि शेवटी बंदी येते. हा क्रमच उलटा आहे. जनावरांचं कोणतंही नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते गिधाडांना चालतं की नाही हे तपासलं गेलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

गिधाडांना न मारणारं औषध उपलब्ध आहे. मेलोक्सिकॅम सुरक्षित असल्याचं 2006 मध्येच सिद्ध झालं, नंतर टॉलफेनॅमिक अ‍ॅसिडही सुरक्षित ठरलं. अडचण होती ती विश्वासाची. मेलोक्सिकॅम हळू चालतं, असा गावोगाव समज होता. शेतकऱ्याची बाजू मला नेहमी रास्त वाटली. एक बैल गेला तर जोडी मोडते, आणि रोवणीच्या तोंडावर जोडी मोडलेल्या माणसाला आकाशातल्या पक्ष्याची काळजी करा असं सांगणं बरोबर नाही. म्हणून मी गोठ्यात कधी गिधाडापासून बोलायला सुरुवात केली नाही. बैलापासूनच करायची. औषध द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता पुन्हा त्या गोठ्यात जायचं. खूर तपासायचा, जखम धुवायची, लंगडण्याचं मूळ कारण शोधायचं. खुरात काटा रुतलेला असेल तर कोणतंही वेदनाशामक त्याला बरं करणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या त्या फेरीने जेवढा विश्वास कमावला, तेवढा कुठल्या माहितीपत्रकाने कमावला नाही. बैल चालायला लागला की मग सांगायचं, हे औषध का निवडलं ते. तेव्हा माणूस ऐकतो.

आणखी एक गोष्ट बरीच उशिरा आमच्या विभागातल्या लोकांच्या लक्षात आली. गोठ्यातलं दुखणं आधी बायकांना कळतं. गाय चारा सोडते, बैल पाय टेकत नाही, हे शेण काढताना, पाणी पाजताना त्यांना दिसतं. सभा मात्र आम्ही चावडीवर पुरुषांच्या घेत होतो. बचत गटांच्या बैठकांना जायला लागल्यावर कामाला वेग आला. बाटलीवरचं नाव कसं वाचायचं, ते शाळेत जाणाऱ्या मुलींनी आपल्या आयांना शिकवलं.

सायकलवाल्या खासगी माणसांबद्दल माझं मत बऱ्याच वरिष्ठांना पटायचं नाही. त्यांच्यावर गुन्हे नोंदवा, असं म्हणणं सोपं आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी आतल्या गावात रात्री गाय अडली तर तिथे कोण जाणार? जो पोहोचतो, त्याला योग्य औषध माहीत असलं पाहिजे. त्यांना दवाखान्यात बोलावून, शेजारी बसवून आम्ही हे सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्यामुळे जी गावं सुरक्षित झाली, तिथे आमची सरकारी गाडी कधी पोहोचली नसती.

जुन्या माणसांना गिधाडं आठवतात. प्रत्येक गावाबाहेर ढोरफोडीची जागा असायची. तिथे जनावर टाकलं की तासाभरात नुसता सापळा उरायचा, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. भुकेला थवा मोठं जनावर तेवढ्याच वेळात संपवतो. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की कुजलेल्या मांसातले बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. गिधाडं गेली आणि त्या जागा कुत्र्यांनी घेतल्या. मेलेली जनावरं दिवसेंदिवस ओढ्याच्या काठाला सडत राहिली. कुत्रे वाढले, चावे वाढले, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गाई दवाखान्यात यायला लागल्या. 2024 मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गिधाडं नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात दरवर्षी सुमारे 1 लाख माणसं जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. पाच वर्षांत पाच लाख. पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत आणि विहिरीत झिरपणारी घाण ज्यांनी गावात राहून पाहिली आहे, त्यांना हा आकडा परका वाटणार नाही.

गडचिरोलीत गिधाडं पूर्णपणे संपली नाहीत, हे आमचं भाग्य. चामोर्शी तालुक्यात कुनघाड्याच्या परिसरात ती टिकून होती आणि वनविभागाने त्यांच्यासाठी उपाहारगृह सुरू केलं. मेलेली जनावरं गिधाडांना खायला टाकायची, गावापासून दूर मोकळी जागा, कुत्रे शिरू नयेत म्हणून भोवती जाळीचं कुंपण, जवळ पाणी. गिधाडांना खाल्ल्यावर अंघोळ लागते. नेपाळमध्ये पिठौली गावच्या लोकांनी 2006 पासून असं ठिकाण चालवलं आहे. आपल्याकडे रायगडमध्ये चिरगावला आणि नाशिकमध्ये हरसूलजवळच्या खोरीपाड्यालाही असे प्रयत्न झाले. कल्पना साधी आहे, पण ती रोज चालवणं सोपं नाही. जनावर मेल्याचा फोन आला की पहिला प्रश्न विचारायचा, गेल्या काही दिवसांत त्याला काय टोचलं? मालकाला आठवत नसेल, तर उकिरड्यावर रिकामी कुपी शोधायची. उत्तर मिळालं नाही तर ते जनावर नाकारायचं, मग गिधाडं कितीही दिवस उपाशी असोत. दहा चांगल्या जनावरांनी जे साधतं ते एका विषारी जनावराने जातं, त्यामुळे इथे कुणाचीही भीड धरून चालत नाही.

हे सगळं गावातली पोरं करतात. त्यांना गिधाडमित्र म्हणतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. हिवाळ्यात घातलेल्या त्या अंड्यातलं पिल्लू उन्हाळ्यात उडायला लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे वादळी पाऊस येतो. घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलून आणणं, कुत्र्यांपासून राखणं, बरं होईपर्यंत सांभाळणं, कोणत्या झाडावर घरटं आहे आणि त्यात काय चाललं आहे याची नोंद ठेवणं, हे त्यांचं काम. त्यातल्या बहुतेकांच्या घरी दोन-तीन एकर धान, बाकी मोह आणि तेंदूपत्त्याच्या हंगामाचा आधार. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायची की घरट्यावर नजर ठेवायची, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असायचा. मजुरी कधी महिन्यांनी मिळाली. तरी ती टिकली. संवर्धनाचे अहवाल मी पुष्कळ वाचले. या पोरांना त्यात एखादी ओळ मिळते, आणि ही मला फार मोठी उणीव वाटते.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल गिधाडप्रेमी सहसा बोलत नाहीत. मेलेलं ढोर ओढणं हे आपल्या समाजाने जातीवर लादलेलं काम होतं. 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते सोडायला सांगितलं. 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपुरात त्यांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा गडचिरोली हा त्याच चांदा जिल्ह्याचा भाग होता. त्या दीक्षेने या भागातल्या हजारो घरांनी जुनी गुलामी झुगारली. उपाहारगृहाच्या सुरुवातीच्या एका बैठकीत एक वयस्कर गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, "आमच्या पोराइले पुन्हा ढोरं ओढाले लावता का?" बैठक गप्प झाली. तो प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. त्यानंतर ठरलं की जनावर ज्याचं, त्याने ते स्वतः गाडीत चढवायला हात लावायचा. वाहतूक ट्रॅक्टरने, तीही पैसे देऊन. पथकात गावातल्या सगळ्या समाजांची पोरं असतील. हातमोजे, तोंडाला पट्टी आणि लसीकरण सगळ्यांना. पहिल्यांदा काही मालकांनी नाकं मुरडली. एकाने तर बैल दिलाच नाही, तो शेताच्या कडेला पुरला. चालेल. गिधाडासाठी माणसाच्या सन्मानाची किंमत मोजायची नाही, हे मी त्या बैठकीत शिकलो आणि पुढे प्रत्येक ठिकाणी आग्रहाने मांडलं. नवीन ठिकाणी असं काम उभं करणाऱ्यांनी जाळी आणि पाणवठ्याच्या आधी या प्रश्नाचा विचार करावा.

2022 मध्ये लम्पी चर्मरोग आला तेव्हा सगळीच घडी विस्कटली. मेलेली जनावरं खोल खड्ड्यात पुरायचा आदेश होता आणि रोग आवरायला तो आवश्यक होता. घरोघर ताप, घरोघर वेदनाशामकाची मागणी. मेलोक्सिकॅमचा साठा संपला की शेतकरी मिळेल ते टोचून घेणार, ही भीती रोज डोक्यात असायची. त्या दिवसांत लसीच्या पेटीबरोबर मेलोक्सिकॅमच्या बाटल्याही पोहोचवायची धडपड आम्ही केली.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव निघालं की वाघ आठवतो. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आज जगभरातून लोक तिथे वाघ पाहायला येतात. वाघ राखताना लोकांनी जीव दिले आहेत. नोव्हेंबर 2021 मध्ये वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या पाहणीत पायी चालत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. या भागातलं कुठलंही संवर्धन अशा माणसांच्या खांद्यावर उभं आहे. वाघाचा आणि गिधाडाचा संबंधही गोठ्यातूनच जातो. वाघाने गाय मारली, पंचनामा लांबला, भरपाई अडली, की संतापलेला माणूस त्या गाईवर कीटकनाशक ओततो. वाघ परत येऊन खातो, मग गिधाडं उतरतात. एका बाटलीत सगळे जातात. पंचनाम्याला पशुवैद्यक लागतो, म्हणून मी आमच्या लोकांना सांगत असे की असा निरोप आला की जेवणाच्या ताटावरून उठा. वेळेवर झालेला पंचनामा ही विषाविरुद्धची सगळ्यात खात्रीची तजवीज आहे.

जानेवारी 2024 मध्ये ताडोब्यातल्या बोटेझरीला पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं आली. हरियाणातल्या पिंजोरच्या जटायू प्रजनन केंद्रात वाढलेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वनविभागाने त्यांना काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं, अंगावर जीपीएस यंत्र बसवलं आणि मोकळं सोडलं. त्यातलं एक गिधाड फिरत फिरत थेट तमिळनाडूत पोहोचलं. ही बातमी वाचून अनेकांना कौतुक वाटलं, मलाही वाटलं. पण माझ्या मनात आधी आले ते वाटेतले गोठे. चंद्रपूरहून तमिळनाडूपर्यंत किती तालुके, किती दवाखाने, पिशवी घेऊन फिरणारी किती माणसं! गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना 100 किलोमीटरची त्रिज्या धरतात. हा पक्षी ती रेघ सहज ओलांडतो. ताडोब्याला कितीही चौक्या बसवल्या तरी त्याचं जेवण चौकीबाहेर, कुणाच्या तरी मेलेल्या गाईवर आहे. म्हणून पिंजोरला पिल्लं वाढवणारे, बोटेझरीला राखण करणारे आणि कुठल्याशा गावात बैलाला मेलोक्सिकॅम टोचणारा पर्यवेक्षक, हे तिघे एकाच कामावर आहेत. तिसऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं, एवढाच फरक आहे. पशुसंवर्धन आणि वन या दोन खात्यांनी एका टेबलाशी बसून हे त्याला सांगायला हवं, त्याच्या प्रशिक्षणात आणि औषधखरेदीच्या यादीत ते यायला हवं.

तुमच्या घरी जनावरं असतील, किंवा गावाकडे भावाकडे असतील, तर एवढं करा. पुढच्या वेळी गोठ्यात इंजेक्शन द्यायला कुणी आलं की बाटली हातात घेऊन नाव वाचा. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, केटोप्रोफेन किंवा निमेसुलाइड दिसलं तर ती परत करा आणि मेलोक्सिकॅम मागा. औषध दिलेलं जनावर मेलं तर ते उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. आजारी किंवा पडलेलं गिधाड दिसलं तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर फोन करा.